डॉक्टर कार्लोस चागास

दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देशाचें नांव काढलें म्हणजे कॉफीचे मळे, ॲमेझॉन नदी आणि फुटबॉलचे खेळाडू आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. त्याच देशांत एक असा डॉक्टर होऊन गेला कीं, ज्याचें नांव आज अमेरिका खंडांतील रक्तपेढ्यांच्या दप्तरांत रोज लिहिलें जातें. कोणी परोपकारबुद्धीनें रक्त द्यावयास आला म्हणजे त्याच्या रक्तांत ‘चागास’ आहे कीं नाहीं हें तेथें आधीं तपासतात, आणि नसेल तरच तें रक्त रोग्यास देतात. मनुष्याचें नांव असें रोगास चिकटावें हा सन्मान कीं दुर्दैव, हें वाचकांनीं ठरवावें. नवल तें निराळेंच आहे. या डॉक्टरच्या हयातींत ब्राझीलमध्यें रक्तपेढ्या नव्हत्या, आणि रक्तदात्यांच्या तपासणीशीं त्याचा कधीं संबंध आला नाहीं. असें असतां त्याचें नांव तेथें कसें पोंचलें, ही हकीकत सांगण्याजोगी आहे.

कार्लोस चागास याचा जन्म ता. ९ जुलै १८७९ रोजीं ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतांत, ओलिवेइरा गांवाजवळील एका कॉफीच्या मळ्यावर झाला. (पोर्तुगीज भाषेंत या आडनांवाचा उच्चार ‘शागस’ असा होतो, हें गोमंतकांतील जुन्या पिढीस सांगावयास नको. आम्ही रूढ रूपच ठेविलें आहे.) तो चार वर्षांचा असतांना त्याचे वडील वारले. चार भावंडांत तोच थोरला. आई मारियाना हिनें मळ्याचा कारभार आणि मुलांचें संगोपन हीं दोन्हीं कामें एकटीनें निभावलीं.

आठ वर्षांचा झाल्यावर कार्लोसला साओ पाउलो प्रांतांतील इतू येथें जेजुइट पाद्र्यांच्या शाळेंत ठेविलें. मुलांनीं तेथेंच राहावयाचें असे. १८८८ च्या मे महिन्यांत ब्राझीलमध्यें गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. मोकळे झालेले गुलाम मळ्यांवर चालून जात आहेत, अशी वार्ता शाळेंत येऊन पोंचली. आई मळ्यावर एकटी आहे, एवढाच विचार त्या बालकाच्या मनांत आला आणि कोणाची परवानगी न घेतां तो शाळा सोडून घराकडे निघाला. शाळेच्या शिस्तींत हें बसण्यासारखें नव्हतें. पुढील शिक्षण त्यास साओ जोआओ देल रेइ या गांवीं घ्यावें लागलें. वसतिगृहांत राहणाऱ्या आमच्या वाचकांनीं हा कित्ता गिरवूं नये. तथापि ऐकीव गोष्टीवर न विसंबतां स्वतः जाऊन पाहण्याची जी खोड त्यास जन्मभर होती, तिची ही पहिली खूण म्हणतां येईल. दुसऱ्या शाळेंत साक्रामेंतो नांवाचे एक पाद्री गुरु त्यास लाभले, आणि त्यांच्या सहवासांत सृष्टीकडे डोळे उघडून पाहण्याची गोडी त्यास लागली.

मुलानें इंजिनियर व्हावें अशी आईची इच्छा होती. त्याप्रमाणें तो ओरो प्रेतो येथील खाणकामाच्या विद्यालयाची तयारी करावयास गेला. परंतु तेथें त्याचें मन रमलें नाहीं. प्रकृति बिघडून तो घरीं परतला. त्याचा एक मामा डॉक्टर होता. त्यानें आईची समजूत घातली आणि १८९७ सालीं कार्लोस रिओ दे जानेरो येथील वैद्यकीय विद्यालयांत दाखल झाला.

येथें आपल्या मुंबईचा थोडासा संबंध येतो. १८९६ सालीं मुंबईस जो प्लेग आला, त्याच साथीच्या लाटा जगभर पसरतां पसरतां १८९९ सालीं ब्राझीलच्या सान्तोस बंदरास जाऊन लागल्या. प्लेगवरील लस व औषधी रक्तजल आपल्याच देशांत तयार करावें म्हणून ब्राझील सरकारनें १९०० सालीं रिओजवळ मांगिन्योस नांवाच्या मळ्यावर एक संस्था उघडली. तिचे प्राण म्हणजे ओस्वाल्दो क्रुझ. हे पॅरिसच्या पास्तर संस्थेंत शिकून आलेले, वयानें तरुण आणि स्वभावानें करारी असे शास्त्रज्ञ होते. विद्यार्थी चागास आपल्या पदवीच्या प्रबंधासाठीं त्यांच्याकडे गेला. विषय होता हिवतापाच्या रोग्याचें रक्त. म्हणजे या पुरुषाच्या शास्त्रीय जीवनाचा आरंभच रक्ताच्या एका थेंबापासून झाला!

१९०३ सालीं चागास डॉक्टर झाले. क्रुझ यांनीं त्यांस संस्थेंत राहण्याचा आग्रह केला. परंतु चागास यांस प्रयोगशाळेपेक्षां रोग्यांत राहणें अधिक आवडे. त्यांनीं निरोप घेतला, जुरुजुबा येथें प्लेगच्या रुग्णालयांत काम पत्करलें, आणि १९०४ सालीं इरिस लोबो या मुलीशीं विवाह करून रिओंत व्यवसाय सुरू केला. पुढें त्यांस दोन मुलगे झाले. दोघेही शास्त्रज्ञ निघाले.

१९०५ सालीं सान्तोस बंदराच्या कंपनीचें इतातिंगा येथें वीजनिर्मितीचें मोठें काम चाललें होतें. मजूर हिवतापानें पटापट आजारी पडत आणि काम बंद पडण्याची वेळ आली. क्रुझ यांनीं चागास यांस तिकडे धाडलें. हिवताप डास पसरवितात, हें रोनाल्ड रॉस यांनीं आपल्याच देशांत, सिकंदराबाद व कलकत्ता येथें, १८९७-९८ सालीं सिद्ध केलें होतें. तेव्हांपासून डबकीं बुजवावीं, पाण्यावर तेल ओतावें, हाच उपाय सर्वत्र चाले. चागास यांनीं निराळा विचार केला. डास चावतो तो बहुधा घरांत आणि रात्रीं. रोग्याचें रक्त पिऊन तो त्याच घराच्या भिंतीवर बसतो. मग डबक्यांच्या मागें रानोमाळ हिंडण्यापेक्षां घरेंच बंद करून आंत धूर कां करूं नये? त्यांनीं तसें केलें आणि थोड्याच महिन्यांत कामावरील हिवताप आटोक्यांत आला. रोग घरांत राहतो, ही गोष्ट त्यांच्या मनांत येथेंच पक्की बसली. पुढील शोधाची किल्ली हीच होय.

१९०७ सालीं मध्यवर्ती रेल्वेचा मार्ग मिनास जेराइसच्या उत्तर भागांतून पिरापोरा गांवाकडे वाढविला जात होता. तेथेंही हिवतापानें मजुरांचे हाल होत होते. आतां चागास क्रुझ यांच्या संस्थेंत रुजू झालेले होते. बेलिसारिओ पेन्ना या डॉक्टर मित्रासह ते तेथें गेले आणि लासान्स नांवाच्या लहानशा स्टेशनांत त्यांनीं ठाणें दिलें. राहावयास घर नव्हतें. आगगाडीचा एक डबा त्यांस मिळाला. त्याच डब्यांत त्यांचें अंथरूण, त्यांतच रोगी तपासण्याची जागा आणि त्यांतच सूक्ष्मदर्शक यंत्राचें टेबल! दिवसा रोगी, रात्रीं दिव्याच्या उजेडांत कांचेच्या पट्टया, असा क्रम एक वर्षाहून अधिक काळ चालला. हिवतापाचें काम तर ते करीतच. पण जंगलांतील पशु, पक्षी, कीटक जें हातीं लागेल त्याचें रक्त ते तपासून ठेवीत. एका लहान जातीच्या माकडाच्या रक्तांत त्यांस एक नवा सूक्ष्म जीव सांपडलाही.

हिवतापाखेरीज त्या भागांत आणखी कांहीं तरी आहे, असें त्यांस राहून राहून वाटे. कित्येक रोग्यांचें हृदय अनियमित चाले. तरणेताठे पुरुष काम करतां करतां एकाएकीं कोसळून मरत. हिवतापानें असें होत नाहीं. क्विनाइन दिलें तरी त्यांस गुण येत नसे. मग हा रोग कोणता?

उत्तर एका इंजिनियरकडून आलें, डॉक्टरकडून नव्हे. पिरापोराकडे जातांना एका रात्रीं छावणींत मुक्काम पडला असतां कांतारिनो मोता नांवाच्या रेल्वे इंजिनियरनें त्यांस एक किडा दाखविला. तो ढेकणाच्या कुळांतला, परंतु ढेकणाहून कितीतरी मोठा, पंख असलेला आणि काळसर. तेथील खेडुतांचीं घरें आपल्या कोंकणांतील गरिबांच्या घरांसारखीं कुडाचीं, वरून गवतानें शाकारलेलीं असत. कुडाची माती वाळून तडकली म्हणजे त्या भेगांत हे किडे दिवसभर दडून बसत. रात्रीं दिवा मालवला कीं बाहेर पडत आणि झोंपलेल्या माणसांचें रक्त पीत. अंग पांघरुणाखालीं असल्यामुळें दंश बहुधा तोंडावर होई. म्हणून लोक विनोदानें या किड्यास ‘बार्बेइरो’, म्हणजे न्हावी, म्हणत. पिढ्यान् पिढ्या लोक हा उपद्रव सोशीत होते. त्यांत रोगाचें बीज असेल, ही शंका कोणासच आली नव्हती.

घरांत राहणारा आणि रक्त पिणारा कीटक! इतातिंगाच्या अनुभवानें चागास यांचे कान लगेच टवकारले. त्यांनीं किडे पकडून त्यांचीं आंतडीं सूक्ष्मदर्शकाखालीं धरलीं, तों शेवटच्या भागांत चाबकासारखें शेपूट हालविणारे असंख्य सूक्ष्म जीव वळवळतांना दिसले. हे जीव माणसाच्या वा पशूच्या अंगीं रोग उत्पन्न करतात काय, हें पाहावयाचें होतें. परंतु लासान्सच्या जंगलांतील माकडांवर प्रयोग करणें धोक्याचें होतें; कारण त्यांच्या रक्तांत आधींच दुसरे जीव असण्याचा संभव होता, आणि निकाल संशयास्पद झाला असता. म्हणून त्यांनीं जिवंत किडे क्रुझ यांजकडे मांगिन्योस येथें पाठविले. तेथें प्रयोगशाळेंतील निरोगी माकडांस ते डसविण्यांत आले. कांहीं आठवड्यांनीं एक माकड आजारी पडलें. चागास तांतडीनें रिओस आले आणि त्या माकडाच्या रक्तांत त्यांस पूर्वीं कोणीही न पाहिलेला जीव दिसला. डिसेंबर १९०८ मध्यें त्यांनीं तो जगास कळविला आणि आपल्या गुरूच्या नांवावरून त्यास ‘ट्रिपॅनोसोमा क्रुझी’ असें नांव ठेविलें.

येथपर्यंत कीटक सांपडला, जंतु सांपडला. रोग मात्र अद्यापि सांपडावयाचा होता. वैद्यकाच्या इतिहासांत बहुधा उलट घडतें: रोग आधीं ठाऊक असतो आणि त्याचें कारण मागाहून शोधतात. चागास लासान्सला परतले आणि घरोघर फिरून माणसांचें व जनावरांचें रक्त तपासूं लागले. प्रथम एका मांजराच्या रक्तांत तो जीव सांपडला. पुढें ता. १४ एप्रिल १९०९ रोजीं, तापानें फणफणलेल्या, अंगावर सूज आलेल्या सुमारें दोन वर्षांच्या एका मुलीच्या रक्तांत तोच जीव हालतांना त्यांनीं पाहिला. मुलीचें नांव बेरेनिसे. वाचकांनीं हें नांव लक्षांत ठेवावें. पुढें त्याची गरज लागेल. आठ दिवसांनीं, ता. २२ एप्रिल रोजीं, क्रुझ यांनीं रिओच्या वैद्यक परिषदेंत हा शोध जाहीर केला. रोग, त्याचा जंतु आणि तो पसरविणारा कीटक या तिन्ही गोष्टी एकाच मनुष्यानें शोधून काढल्या होत्या, आणि त्या वेळीं त्याचें वय एकोणतीस वर्षांचें होतें.

मानसन्मान लगोलग आले. १९१० सालीं परिषदेंत जागा रिकामी नसतांही त्यांस खास सभासद करून घेतलें. १९१२ सालीं जर्मनींतील हाम्बुर्ग येथून शाउडिन पारितोषिक मिळालें. नोबेल पारितोषिकासाठीं १९१३ व १९२१ अशा दोन वेळां त्यांचें नांव सुचविलें गेलें. तें मिळालें नाहीं. १९२१ सालीं तर वैद्यकाचें पारितोषिक कोणासही दिलें नाहीं. त्यामागें काय कारण होतें, याविषयीं पुष्कळ तर्क चालतात. आम्ही त्या वादांत पडत नाहीं.

थोर पुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या चुका झांकण्याची आपल्याकडे चाल आहे. येथें ती पाळतां येत नाहीं, कारण चागास यांच्या चुकांवांचून पुढील कथा कळणार नाहीं. किड्याच्या दंशांतूनच जंतु शरीरांत शिरतो, असें ते मानीत. खरा प्रकार निराळा होता. किडा रक्त पितां पितां त्वचेवर विष्ठा टाकतो, झोंपेंतला मनुष्य तेथें खाजवितो, आणि विष्ठेंतील जंतु जखमेंतून किंवा डोळ्यांतून आंत जातो. हें फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रंप्ट यांनीं १९१२ सालीं दाखविलें. दुसरी चूक अधिक महागांत पडली. लासान्सच्या परिसरांत पुष्कळ लोकांस गलगंड असे. चागास यांनीं तोही याच जंतूच्या माथीं मारला. वास्तविक गलगंडाचें कारण वेगळें होतें. पण दोन्हीं दुखणीं एकाच वस्तींत नांदत असल्यामुळें त्यांची फसगत झाली.

हीच फट विरोधकांनीं धरली. १९१५-१६ च्या सुमारास आर्जेंटिनामध्यें क्राउस नांवाच्या शास्त्रज्ञानें तपास केला. तेथील किड्यांत जंतु सांपडले, गलगंडही पुष्कळांस होता, पण त्या रोग्यांच्या रक्तांत जंतु कांहीं दिसेनात! मग ब्राझीलमध्येंही कुजबुज सुरू झाली. हा रोग लासान्सपुरता आहे, किंबहुना चागास यांच्या कल्पनेपुरताच आहे. लाखों रोगी असतील तर ते आहेत कोठें, असा प्रश्न विचारला जाऊं लागला. १९२२ सालीं हें प्रकरण वैद्यक परिषदेपुढें आलें आणि एक चौकशी समिति नेमली गेली. ज्या सभेनें बारा वर्षांपूर्वीं त्यांस डोक्यावर घेतलें, तिच्यापुढेंच त्यांस आपल्या शोधाची कैफियत द्यावी लागली. १९२३ सालीं समितीनें शोधाचें श्रेय त्यांचेंच आहे असा निर्णय दिला. तथापि रोग किती पसरला आहे, या मुख्य प्रश्नाचा निकाल लागला नाहीं तो नाहींच.

विरोधक केवळ मत्सरी होते, असें म्हणणें सोपें आहे. पण तें पुरतें खरें नव्हे. या रोगाची जातच अशी आहे कीं, तो लपून राहतो. आरंभींचे थोडे आठवडे जंतु रक्तांत उघड फिरतो. ताप, सूज इत्यादि चिन्हें दिसतात. कित्येकांस तींही दिसत नाहींत. नंतर जंतु हृदयाच्या व आंतड्यांच्या स्नायूंत दडी मारतो आणि रक्तांत इतका विरळ होतो कीं, सूक्ष्मदर्शकांतून पाहणाऱ्यास थेंबामागून थेंब तपासूनही हातीं कांहीं लागत नाहीं. मनुष्य हिंडतो, फिरतो, शेत नांगरतो. दहा, वीस, तीस वर्षें जातात. मग दर दहांपैकीं सुमारें तिघांचें हृदय पसरूं लागतें. कित्येकांची अन्ननलिका वा मोठें आंतडें ताणून निकामी होतें. बाकीच्यांस जन्मभर कांहींच त्रास होत नाहीं. चागास म्हणत होते कीं धडधाकट दिसणाऱ्या असंख्य लोकांत हा रोग वसत आहे. आणि तो दाखवा म्हटलें तर दाखवितां येत नव्हता.

वाद चालू असतां चागास यांची इतर कामें थांबलीं नव्हतीं. फेब्रुवारी १९१७ मध्यें क्रुझ वारले आणि संस्थेचें संचालकपद चागास यांजकडे आलें. तें त्यांनीं मरेपर्यंत संभाळलें. १९१८ सालीं, ज्या तापास आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत, त्याची साथ रिओ शहरांत शिरली. प्रेतें उचलावयास माणसें मिळेनात, अशी अवस्था झाली. सरकारनें चागास यांस पाचारण केलें, आणि त्यांनीं तात्पुरतीं रुग्णालयें व औषधाचीं ठाणीं ठिकठिकाणीं उघडलीं. १९२० पासून १९२६ पर्यंत ते देशाच्या आरोग्यखात्याचे प्रमुख होते. त्याच काळांत परिचारिकांच्या शिक्षणाची पहिली आधुनिक शाळा रिओंत निघाली. राष्ट्रसंघाच्या आरोग्यसमितीवरही त्यांनीं काम केलें. ता. ८ नोव्हेंबर १९३४ रोजीं रिओ येथें हृदयविकाराच्या झटक्यानें त्यांचें देहावसान झालें. वय अवघें पंचावन्न वर्षांचें होतें. ज्या प्रश्नासाठीं ते झगडले, तो मागें तसाच लोंबकळत राहिला.

पण त्याचें उत्तर जवळ आलें होतें. आर्जेंटिनांत साल्वादोर माझ्झा हे डॉक्टर खेडोपाडीं हिंडून रोगी धुंडीत होते. १९३५ सालीं तेथीलच रोमान्या यांनीं एका डोळ्याच्या विशिष्ट सुजेवरून रोग ओळखण्याची खूण सांगितली. त्यासरशीं रोग्यांची रांगच लागली. माझ्झा यांनीं १९३६ सालीं आणखी एक शंका बोलून दाखविली. एकाचें रक्त दुसऱ्यास देण्याची रीत त्या वेळीं रुग्णालयांत वाढत होती. ज्याच्या रक्तांत जंतु गुप्त आहे, त्याचें रक्त दिलें तर काय होईल? या मार्गास किडा नको, कुडाचें घर नको. शहराच्या मध्यभागीं, स्वच्छ खाटेवर, डॉक्टरच्या हातूनच रोग दिला जाईल!

ही शंका खरी ठरली. १९४० नंतरच्या दशकांत ब्राझीलच्या शहरांत रक्तपेढ्या निघाल्या. त्याच सुमारास खेड्यांतील लोक कामधंद्यासाठीं साओ पाउलो, बेलो होरिझोंत अशा शहरांकडे लोटत होते. रक्ताचे पैसे मिळत. म्हणून हातास काम नसलेला गरीब मनुष्य रक्त विकून दिवस ढकली. त्याचें बालपण कुडाच्या घरांत गेलेलें असे, हें त्यास कोणी विचारीत नसे. विचारलें असतें तरी आपल्या अंगांत कांहीं आहे हें त्यास ठाऊक नव्हतें. १९४९ सालीं पेलेग्रिनो यांनीं रक्तदात्यांची तपासणी करून कांहींच्या रक्तांत रोगाच्या खुणा दाखविल्या. १९५२ सालीं साओ पाउलो येथें, रक्त घेतल्यामुळेंच रोग जडलेले रुग्ण प्रत्यक्ष सांपडले. दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं काढलेलें रक्त त्यास वीस वर्षांनंतरच्या हृदयविकाराची देणगी देत होतें.

मग दात्याची परीक्षा करावयाची कशी? जंतु तर दिसत नाहीं. येथें चागास यांच्याच संस्थेंतील एक जुनें काम उपयोगीं पडलें. १९१३ सालीं गेरेइरो व माशादो या दोघां शास्त्रज्ञांनीं एक कसोटी शोधली होती. शत्रु शरीरांत शिरला कीं रक्तांत त्याच्याविरुद्ध खास द्रव्यें तयार होतात, आणि शत्रु लपला तरी तीं द्रव्यें राहतात. चोर दिसला नाहीं तरी घरांतला कुत्रा भुंकतो, तसाच हा प्रकार. ही कसोटी जंतूस शोधीत नाहीं, तर त्या द्रव्यांस शोधते. आजच्या रक्तपेढींतील परीक्षा तिच्याहून पुष्कळ सोपी व अचूक आहे. लहान वाटींत जंतूचे अंश लावलेले असतात, त्यावर दात्याच्या रक्तजलाचा थेंब घालतात, आणि द्रव्यें असल्यास रंग उमटतो. पण त्यामागील तत्त्व तेंच राहिलें आहे.

जेथें तपासणीची सोय नव्हती, तेथें दुसरा उपाय होता. मुलांचें तोंड आलें असतां जिभेस लावावयाचें जेन्शन व्हायोलेट नांवाचें जांभळें औषध आपल्या सर्वांच्या ओळखीचें आहे. तें चार हजारांत एक या प्रमाणांत रक्तांत मिसळून चोवीस तास थंडींत ठेविलें तर जंतु मरतात, असें १९५३ सालीं नुसेन्झ्वाइग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. रक्त जांभळें दिसे, घेणाऱ्याची त्वचाही थोडे दिवस निळसर होई; पण जीव सुरक्षित राही. खेड्यांतील रुग्णालयांत हा उपाय कित्येक वर्षें चालला.

मार्ग ठाऊक असूनही सर्वत्र तपासणी सुरू व्हावयास फार काळ लागला, हें मात्र दुःखानें नमूद केलें पाहिजे. हा गरिबांचा रोग होता आणि रक्ताचा बाजार फायद्याचा होता. १९८० नंतर एड्सच्या भीतीनें सधन लोकही जागे झाले, तेव्हां रक्तपेढ्यांवर खरा वचक बसला. १९८८ सालच्या ब्राझीलच्या राज्यघटनेनें रक्ताचा क्रयविक्रय बंद केला. पुढें देशांतर करणाऱ्यांबरोबर जंतुही समुद्र ओलांडून गेला. म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००७ पासून दात्यांची ही परीक्षा होऊं लागली. स्पेन देशांतही दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या दात्यांस आधीं विचारून व तपासून घेतात. ज्याच्या रक्तांत दोष निघेल त्याची पिशवी नष्ट करतात आणि त्यास बोलावून सांगतात. कित्येकांस आपला रोग प्रथम कळतो तो असा, रक्तदानाच्या निमित्तानें. आपल्या देशांत हा रोग स्थानिक नाहीं, म्हणून येथील रक्तपेढ्या एड्स, दोन प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप यांचीच तपासणी करतात.

चागास यांस विचारलेला प्रश्न होता, रोगी कोठें आहेत? दात्यांच्या तपासणीनें त्याचें उत्तर हजारों वाट्यांतील रंगांनीं दिलें. रोगी म्हणून आलेले नव्हेत, तर स्वतःस निरोगी समजून दुसऱ्यासाठीं बाही वर करून बसलेले लोक ते होते. आज साठ ते सत्तर लाख माणसांच्या अंगीं हा जंतु आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०२० पासून ता. १४ एप्रिल हा दिवस या रोगाच्या नांवें पाळला जातो.

आतां त्या दिवशींच्या बेरेनिसेविषयीं. त्या तापांतून ती वांचली, मोठी झाली. १९६२ च्या सुमारास डॉक्टरांनीं तिचें रक्त पुन्हां घेतलें आणि त्यांतून तोच जंतु वाढवून दाखविला. १९७८ सालीं, तिनें सत्तरी गांठली असतां, तो पुन्हां निघाला. हृदय ठीक होतें, आंतडीं ठीक होतीं, आणि लासान्सच्या त्या डब्यांतील सूक्ष्मदर्शकाखालीं जो जीव हालला होता, त्याचे वंशज जवळ जवळ सत्तर वर्षें तिच्या रक्तांत शांतपणें राहत होते.